बोटांनी वाजवण्यासाठी गिटार घडवून घ्यायची आहे. आधी काय ठरवावे?

प्रश्न

गेली नऊ वर्षे मी प्लेक्ट्रम (तारा छेडायची चपटी पट्टी) न वापरता केवळ बोटांनी वाजवत आले आहे. आता एका कारागिराकडून ॲकूस्टिक गिटार घडवून घेत आहे. पण त्यांचा तक्ता भरताना पहिल्याच प्रश्नाशी अडले आहे, तो म्हणजे वरची फळी सीडर लाकडाची असावी की सिटका स्प्रूस लाकडाची. सध्याच्या ड्रेडनॉट (मोठ्या आकाराच्या) गिटारवर मधली तार छेडताना माझे बोट शेजारच्या तारेला लागते. माझे निम्मे वादन डॅडगॅड ट्यूनिंगमध्ये (सहाव्या तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी) असते. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

लाकूड तूर्तास बाजूला ठेवा, कारण तुमची खरी अडचण तारांमधल्या अंतराची आहे. सॅडलवर (तारा टेकतात त्या खालच्या पट्टीवर) पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर अनेक गिटारींवर ५४ मिमी असते. बोटांनी वाजवणारे बहुधा ५७ मिमी मागतात. तीन मिमी पाच फटींत वाटले गेले तरी उजव्या हाताला फरक लगेच कळतो. त्याच्या जोडीला नटची (दुसऱ्या टोकाला तारा टेकणाऱ्या पट्टीची) रुंदी ४४.५ मिमी ठेवावी. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, पुढे सॅडल घासून कमी करता येते, पण एकदा घडलेली नेक (गिटारीचा दांडा) रुंद करता येत नाही, म्हणून हाताला सोयीची वाटेल अशी गिटार आधी शोधा आणि तिचीच मापे कारागिराला द्या.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र डॅडगॅडमुळे स्केलची लांबीही (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) तितकीच महत्त्वाची ठरते. या ट्यूनिंगमध्ये तीन तारा प्रत्येकी दोन सेमीटोन (अर्धस्वर) उतरतात आणि त्यांचा ताण सुमारे एक पंचमांशाने घटतो. आखूड स्केलवर सहावी तार मग सैल पडून फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडू लागते. त्याच तारा आणि तोच स्वर ठेवला, तर ६३२ मिमीपेक्षा ६४५ मिमी स्केलवर ताण सुमारे ४ टक्क्यांनी जास्त राहतो, म्हणून मी लांब स्केल सुचवेन. तुमचे ट्यूनिंग आणि तारांची जाडी कारागिराला आधीच सांगा, म्हणजे फळीची जाडी आणि ब्रेसिंग (फळीला आतून दिलेल्या आधारपट्ट्या) त्यानुसार ठरवता येईल. आता लाकडाविषयी. सीडर हलक्या स्पर्शालाही चटकन आणि उबदारपणे बोलते, पण ते मऊ असल्याने त्यावर नखांचे ओरखडे लवकर उमटतात. स्प्रूस जोराने छेडले तरी स्वर फाटू देत नाही. तुमचा हात हलका असेल, तर निःशंकपणे सीडर घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. माझ्या जुन्या नायलॉन तारांच्या गिटारवर बोटे कधीच अडखळत नाहीत, म्हणून आज तिचे सॅडल मोजले, तर अंतर ५८ मिमी निघाले! हेच माप कारागिराला कळवते. कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात पोहोचावा म्हणून गिटारीला दिलेली खाच) घ्यावा का?

पहिले उत्तर

चौदाव्या फ्रेटच्या वर तुमचा हात नियमितपणे जात असेल, तरच घ्या.