फ्रान्सचा ग्रामीण भाग सायकलवरून पाहताना मोटारमुक्त मार्गच धरावा का?

(या प्रश्नावर चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

सावकाश

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने फिरण्याचा बेत आखणाऱ्या, विशेषतः प्रथमच जाणाऱ्या आणि सोबत मुले किंवा ज्येष्ठ मंडळी असणाऱ्या मराठी प्रवाशांनी आपला संपूर्ण मार्ग मोटारमुक्त ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. अशा मार्गाला तेथे 'व्वा व्हेर्त', म्हणजे हरितमार्ग, म्हणतात. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमावलीत त्याची स्वतंत्र व्याख्या असून तो पादचारी, घोडेस्वार आणि इंजिनविरहित वाहने यांच्यासाठीच राखीव असतो.

यांतील बरेचसे मार्ग बंद पडलेल्या लोहमार्गांवर किंवा कालव्यांच्या काठी, पूर्वी जनावरे नावा ओढत नेत त्या वाटांवर, तयार झाले आहेत. १८७९ च्या फ्रेसिने योजनेने लहानसहान गावांपर्यंत रेल्वे नेण्याचा सपाटा लावला होता. पुढे मोटारी आल्या आणि त्यांतील अनेक मार्ग तोट्यात जाऊन बंद झाले. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, ही गोष्ट आज सायकलस्वाराच्या पथ्यावर पडली आहे. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातील झिव्री ते क्लूनी हा १९९७ साली खुला झालेला, या प्रकारातील पहिला मानला जाणारा सुमारे ४४ किलोमीटरचा मार्ग पाहा. द्राक्षमळे, ग्रोन नदीचे खोरे, कोर्मातँचा किल्लेवजा वाडा आणि शेवटी इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेला क्लूनीचा मठ, हे सारे मागून येणाऱ्या गाडीचा कानोसा न घेता पाहता येते. सामान लादलेली सायकल चालवण्याची सवय नसलेल्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवे?

घाटवाट

सावकाश यांच्या लेखातील प्रत्येक तथ्य मान्य करूनही मी त्यांच्या निष्कर्षाच्या नेमका विरुद्ध आहे. लोहमार्ग बांधणाऱ्या अभियंत्याला गाव दाखवायचे नव्हते, त्याला उतार सांभाळायचा होता. त्यामुळे रूळ खोऱ्याच्या तळातून गेले, कित्येक स्थानके गावापासून दूर उभी राहिली आणि आजचा सायकलस्वार त्याच अंतरावरून गावाला वळसा घालून पुढे जातो. झिव्री-क्लूनीचेच उदाहरण घ्या. कोर्मातँपासून पूर्वेला थोडे वळले की शापेझ येथे अकराव्या शतकातील रोमनेस्क शैलीचे चर्च आहे आणि आणखी वर चढले की ब्रांसियों हे डोंगरसोंडेवरचे मध्ययुगीन गाव लागते. हरितमार्ग सोडायचाच नाही असे ठरवून आलेला प्रवासी ही दोन्ही ठिकाणे न पाहता क्लूनीला पोहोचतो आणि बर्गंडी पाहिली असे सांगतो.

कालव्यांबाबत तर मला आणखी कठोर लिहावे लागेल. तुलूझहून बोर्दोच्या दिशेने जाणारा गारोन कालवा १९३ किलोमीटरचा आहे. त्याच्या काठची डांबरी वाट उत्तम आहे, सावली आहे, पण दुतर्फा झाडे, पाणी आणि पाण्याची दारे यांची तीच मांडणी इतकी पुन्हापुन्हा समोर येते की शेजारच्या टेकडीवर काय असेल, हे कुतूहलच मरून जाते.

याउलट मिशलिन कंपनीच्या रस्त्यांच्या नकाशावर पांढऱ्या रंगाने दाखवलेले बारीक रस्ते पाहा. फ्रान्सची लोकसंख्या विरळ आहे, पण रस्त्यांचे जाळे सुमारे दहा लाख किलोमीटरचे आहे. अशा रस्त्यावर अर्धा-अर्धा तास एकही गाडी भेटत नाही, असा अनुभव दुर्मीळ नाही. दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १२०० किलोमीटरची, ९० तासांच्या कमाल मुदतीची फेरी साध्या रस्त्यांवरूनच जाते. २०१९ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या सायकलस्वारांना विचारा: त्यांना आठवतात ते लुदेआकसारखे थांबे आणि मध्यरात्री घरापुढे टेबल मांडून कॉफी देणारी कुटुंबे. ही माणसे रस्त्यालगत राहतात, कालव्याच्या काठी नव्हे.

लिऑनकर

मी या भागात वास्तव्यास असल्याने प्रथम एक घोटाळा दूर करतो, कारण त्यापायी अनेकांचे नियोजन फसते. 'व्वा व्हेर्त' वेगळा आणि 'व्हेलोरूत' वेगळा. व्हेलोरूत म्हणजे दिशादर्शक फलक लावलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. त्यात मोटारमुक्त टप्पे असतात, तसेच कमी रहदारीचे सामान्य रस्तेही असतात. ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग व्हेलोरूत आहे, आणि पूर रोखण्यासाठी बांधलेल्या बांधांवरच्या रस्त्यांनी जाताना त्याच्या काही भागांत मोटारी भेटतात. बोन ते सांतने हा द्राक्षमळ्यांतील मार्गही निखळ मोटारमुक्त नाही, कारण सिमेंटच्या त्या वाटा मुळात मळेवाल्यांच्या ट्रॅक्टरांसाठी आहेत. हंगामात ट्रॅक्टर येतात आणि आपण बाजूला व्हावे, अशी रीत आहे. 'संपूर्ण मार्ग मोटारमुक्त' ही सावकाश यांची अट अक्षरशः पाळायची तर ल्वारकाठचे सलग पर्यटन सोडून द्यावे लागेल.

तरीही घाटवाट यांच्या पांढऱ्या रस्त्यांचे चित्र मला फार गुळगुळीत वाटते. मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यांवरची वेगमर्यादा जुलै २०१८ मध्ये ताशी ९० किलोमीटरवरून ८० वर आणली गेली, आणि २०१९ अखेरच्या कायद्याने जिल्हा परिषदांना आपल्या रस्त्यांवर ती पुन्हा ९० करण्याची मुभा दिली. काही जिल्ह्यांनी ती वापरलीही. म्हणजे ज्या रस्त्यावर अर्धा तास गाडी येत नाही, त्यावर येणारी एकुलती एक गाडी ८० किंवा ९० च्या वेगाने वळणावरून येऊ शकते. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, बहुसंख्य चालक तो पाळतात, आणि तरीही फ्रान्समध्ये सायकलस्वारांचे मृत्यू शहरांपेक्षा गावाबाहेरच्या रस्त्यांवर अधिक होतात. दहा वर्षांच्या मुलीला तेथे घेऊन जाणाऱ्या आईला सरासरी रहदारीचा आकडा सांगून काय उपयोग? पॅरिस-ब्रेस्तचे टेबलही त्या चार दिवसांपुरते असते. ऑक्टोबरातल्या मंगळवारी त्याच गावात दुपारी सारी दारे बंद असतात.

परतीचे तिकीट

दोन्ही बाजू प्रवाशाच्या सोयीची चर्चा करीत आहेत. तेथे राहणाऱ्यांचा विचार कोणी केलेला नाही. क्लूनीला आज आगगाडी जात नाही. मोटार नसलेल्या रहिवाशाला शालाँ किंवा माकों ही जवळची शहरे गाठण्यासाठी बसवर विसंबावे लागते. रूळ उखडून त्यावर डांबर घातले की कागदोपत्री मार्गाची आखणी शाबूत राहिली, तरी रेल्वे परत आणण्याची मागणी राजकीयदृष्ट्या जवळजवळ संपते, कारण आता त्या पट्ट्यावर रविवारी फिरणाऱ्या शेकडो लोकांचा हक्क प्रस्थापित झालेला असतो. ज्या पर्यटकाला मोटारींचा एवढा तिटकारा आहे, त्याचा आवडता मार्ग मोटारींनी मारलेल्या रेल्वेच्या जागेवर उभा आहे, ही विसंगती निदान नोंदवायला हवी.

सावकाश

परतीचे तिकीट यांचा मुद्दा गंभीर आहे, पण त्याने क्रम उलटा लावला आहे. अशा बहुतेक ठिकाणी गाड्या आधी बंद झाल्या आणि हरितमार्ग कित्येक वर्षांनी आले. मधल्या काळात ती जमीन झुडपांखाली गेली. सलग पट्टा तुकड्यातुकड्याने विकला जाण्यापेक्षा सार्वजनिक ताब्यात राहिला, हे रेल्वेच्या भवितव्याच्या दृष्टीनेही वाईट नाही.

घाटवाट यांना माझे उत्तर असे की, हरितमार्गावर चालणारा माणूस त्याला जखडलेला नसतो. शापेझला जाण्यासाठी तो एक दुपार काढू शकतो. मात्र संध्याकाळी थकून परतताना त्याच्या पायाखाली सुरक्षित वाट असते. गारोन कालव्याच्या एकसुरीपणाबाबत मी वाद घालणार नाही. परंतु जी वाट घाटवाट यांना कंटाळवाणी वाटते, तिच्यावर दुखऱ्या गुडघ्यांची साठीतली माणसे विजेच्या साहाय्यक सायकलवर दिवसाला चाळीस किलोमीटर जातात. त्यांच्यापुढे पांढरा रस्ता आणि हरितमार्ग असा पर्याय नसून हरितमार्ग आणि पर्यटक बस असा पर्याय आहे.

लिऑनकर

एक व्यावहारिक भर घालतो, कारण 'कालव्याकाठ म्हणजे सपाट आणि सोपे' हे समीकरणही सर्वत्र लागू नाही. १६८१ मध्ये खुल्या झालेल्या मिदी कालव्याच्या काठी तुलूझपासून पोर-लोरागेच्या परिसरापर्यंत चांगली डांबरी वाट आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडली की पुढे बराच काळ खडी, माती आणि मुळांनी उचललेली अरुंद पायवाट असते. भरीस, २००६ मध्ये आढळलेल्या बुरशीजन्य रोगामुळे तेथील हजारो प्लेन वृक्ष तोडावे लागले असून कित्येक किलोमीटर सावली नाही. अरुंद टायरची सायकल घेऊन जाणाऱ्याने तेथे समांतर जाणारा गावरस्ता निवडला, तर तो घाटवाट यांच्या पक्षात गेला असे कोणी समजू नये. पाण्यासाठी मात्र दोन्ही पक्षांनी गावातील दफनभूमी शोधावी. झाडांना पाणी घालण्यासाठी तेथे बहुधा नळ असतो; 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसल्याची खात्री तेवढी करावी.

घाटवाट

साठीतल्या माणसांचा मुद्दा मी खोडत नाही. त्यांनी हरितमार्गाने जावे. माझा आक्षेप 'प्रथमच जाणाऱ्या' या शब्दांना आहे, कारण त्यांत सह्याद्रीतील घाट सायकलने चढणारे, पुणे-मुंबई परिसरातील बेशिस्त रहदारीत वर्षानुवर्षे सायकल चालवणारे धडधाकट लोकही येतात, आणि त्यांना फ्रान्समधील ग्रामीण रस्त्याचे भय घालण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांनी शालाँपर्यंत आगगाडीने सायकल न्यावी, झिव्रीहून कोर्मातँपर्यंत हरितमार्ग धरावा, तेथे तो सोडून शापेझ आणि ब्रांसियोंवरून तुर्न्यूला उतरावे आणि तेथून सोन नदीच्या काठाने माकों गाठावे. क्लूनी पाहायचेच असेल, तर मात्र हंगाम तपासावा. क्लूनीच्या दक्षिणेचा ब्वा-क्लेर बोगदा सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा आहे आणि वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात. त्या महिन्यांत सावकाश यांच्या मोटारमुक्त मार्गावरील प्रवाशालाही माकोंला जायचे, तर बोगद्यावरची खिंड रस्त्यानेच चढावी लागते.