२१/१७ इंची चाकांच्या ड्युअल-स्पोर्टला (डांबर आणि कच्चा, दोन्हींवर चालणारी मोटरसायकल) टायर कोणते? डांबर ७०, कच्चा ३०

डांबर_आणि_धूळ

नमस्कार मंडळी, दोन्ही टायर बदलायचे आहेत. मागचा मधोमध सपाट झालाय, पुढच्यात अजून खाच शिल्लक आहे, पण वळणावर आवाज करतो.

गाडी भरल्या टाकीसह १९० किलोच्या आसपास. पुढे ९०/९०-२१, मागे १३०/८०-१७. आऱ्यांची चाकं, आत ट्यूब. वापर साधारण ७० टक्के डांबर (पावसातलंही) आणि ३० टक्के कच्चा: मुरूम, सुटी खडी, अधूनमधून चिखल. वाळू जवळजवळ नाहीच. मागे माणूस क्वचित, सामान मात्र बऱ्याचदा.

प्रश्न असे: ५०/५० घ्यावेत की ८०/२० (पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा)? पुढे एक आणि मागे दुसऱ्या प्रकारचा चालतो का? मागे १४०/८०-१७ बसवला तर काही फायदा? आणि हवा किती ठेवायची?

---

मुरूमवाट

आधी त्या ५०/५०, ८०/२० आकड्यांबद्दल. त्यांचं कोणतंही प्रमाणित मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या अंदाजाने लिहिते, त्यामुळे एकीचा ५०/५० दुसरीच्या ७०/३० इतकाच कच्च्यावर चालू शकतो. आकडा बाजूला ठेवा आणि टायरकडे नीट बघा: बटणं (टायरवरचे सुटे रबरी ठोकळे) किती उंच, दोन बटणांत जागा किती, मधली ओळ तुटक की सलग, बटणांच्या मुळाशी एकमेकांना जोडणारा रबर आहे की नाही.

मोकळ्या, उंच बटणांचा टायर चिखल बाहेर फेकतो, कारण दोन बटणांमधल्या मातीला निसटायला जागा असते. दाट नक्षीत तीच माती अडकते आणि दोन-तीन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. पण कडक मुरमावर आणि पातळ खडीवर उंच बटणांची गरज नसते. तिथे कडा जास्त लागतात, म्हणजे मध्यम उंचीची आणि संख्येने जास्त बटणं. तुमचं कच्चं बहुतांश याच प्रकारचं दिसतंय.

डांबरावर उलटा हिशोब. बटण टायरचं रस्त्याला टेकणारं रबर मुळात कमी, शिवाय उंच बटण ब्रेक मारताना आणि वळताना मुळाशी वाकतं. म्हणून हँडल सैल वाटतं, टायर लवकर तापतो, ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर लागतं. कोरड्यात हे अंगवळणी पडतं. ओल्या गुळगुळीत डांबरावर, त्यातही रंगवलेल्या पट्ट्यांवर, सवयीचा उपयोग होत नाही, वेगच कमी ठेवावा लागतो.

तुमच्या मापात दोन टोकं लक्षात ठेवा. काँटिनेंटल टीकेसी ८० सारखा टायर म्हणजे मोकळी चौकोनी बटणं: कच्च्यावर भरवशाचा, पण सामान लादून डांबरावर पळवला तर मागचा फार लवकर संपतो. मेट्झेलर टूरन्स सारखा दुसऱ्या टोकाला: डांबरावर शांत, मुरमावर चालून जातो, चिखलात हात टेकतो. या दोघांच्या मध्ये मितास ई-०७ किंवा हायडेनाउ के६० स्काउटच्या जातीचे येतात: जाड, कडक रबर, तिरपे मोठे ठोकळे. स्काउटच्या रुंद मागच्या मापांत मधोमध सलग पट्टी असते. ती आयुष्य वाढवते, पण ओल्या मातीच्या चढावर तीच पट्टी घसरते. ७०/३० वापराला मी या मधल्या गटातूनच निवडेन.

---

पुढचं_चाक

मुरूमवाट यांचं बरंचसं पटतं, फक्त दोन्ही टायर एकाच गटातले घ्यायला माझा विरोध आहे. पुढचा एक पायरी जास्त मोकळ्या बटणांचा घ्या, मागचा मधल्या गटातला.

कारण साधं आहे. मागचं चाक घसरलं तर गाडी तिरकी होते, पण सावरायला वेळ मिळतो, थ्रॉटल कमी करता येतो. पुढचं घसरलं की गाडी त्याच क्षणी आडवी. सुट्या खडीत आणि चिखलात दिशा पुढचा टायर देतो, तिथे कडा हव्यातच. दुसरीकडे, झीज मागच्याची जास्त. एका पुढच्यात साधारण दोन मागचे संपतात, म्हणून मागे टिकाऊ टायर परवडतो. उलटी जोडी, म्हणजे मागे मोकळी बटणं आणि पुढे डांबरी नक्षी, कधीच लावू नका. मागचा ढकलतो आणि पुढचा वळत नाही.

जोडी लावताना बांधणी (टायरच्या आतल्या धाग्यांची रचना) मात्र एकच ठेवा. मापात आर असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस. एक रेडियल, एक बायस अशी जोडी टायरच्या किंवा गाडीच्या कंपनीने स्वतः सांगितली असेल तरच लावायची.

तुमच्या पुढच्या टायरचा आवाज: तळहात टायरवर एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे बटणांच्या कडा टोचत असतील, तर झीज करवतीच्या दातांसारखी झाली आहे. ब्रेक मारताना बटणाची एक कड जास्त घासते म्हणून हे होतं, आणि हवा कमी असेल तर आणखी वेगाने होतं. खाच शिल्लक असली तरी वळणावर हा टायर थरथरतो. बदला.

आता १४०/८०-१७. हिशोब करून बघा. १३०/८०-१७ ची उंची १३० च्या ८० टक्के, म्हणजे १०४ मिमी. दोन्ही बाजूंचे २०८ आणि १७ इंचांचे ४३१.८ मिळून व्यास सुमारे ६४० मिमी. १४०/८०-१७ चा येतो सुमारे ६५६. म्हणजे मागची बाजू ८ मिमी उचलली जाते, गिअरिंग अडीच टक्के लांब होतं (चढावर पहिला गिअर जड वाटणार), आणि दोन्ही बाजूंना कागदावर ५ मिमी जागा कमी होते. बटण टायरची कडेची बटणं छापील मापाच्याही बाहेर येतात, त्यामुळे चेन आणि स्विंगआर्मपाशी (मागचं चाक धरणारा दांडा) खरी जागा मोजल्याशिवाय घेऊ नका. चिखल लागल्यावर उरलेली फटही भरते.

सगळ्यात महत्त्वाचं, अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की कडा आत ओढल्या जातात आणि टायर टोकदार होतो. पकड वाढत नाही, झीज मात्र मधोमध होते. तुमच्या १९० किलोच्या गाडीला १३० पुरे. टायरच्या माहितीपत्रकात त्या मापाला चालणारी रिमची रुंदी दिलेली असते, ती रिमवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

---

डांबर_आणि_धूळ

दोघांचेही मनापासून आभार. तळहात फिरवून पाहिला, कडा टोचतात. म्हणजे पुढे मोकळी बटणं, मागे मधला गट, माप तेच. हवेचं मात्र राहिलं. शिवाय टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असेल तर माझ्या चाकांना चालेल का?

---

आरी_आणि_ट्यूब

चालेल. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालता येते, मात्र ट्यूबटाइप टायर ट्यूबशिवाय चालवायचा नाही. तुमच्या रिमला आऱ्यांची भोकं आरपार असल्यामुळे ट्यूब हवीच. ट्यूब त्याच मापाची घ्या आणि टायर नवा घेताना ट्यूबही नवीच घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवर घासून फाटते. दगडगोट्यांसाठी जाड ट्यूब मिळते, ती पुढे जरूर घाला.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. डांबरावर गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा. या वजनाच्या गाड्यांना तो बहुधा पुढे २९ च्या आणि मागे ३३ पीएसआयच्या आसपास असतो, सामान असेल तर मागे थोडा जास्त. लांबच्या मुरमावर पुढे २२ आणि मागे २५ पर्यंत उतरा. चिखलात आणि हळू वेगात १८ ते २०. टायर पसरतो, बटणं दगडाभोवती बसतात, पुढचं चाक दगडावरून उडत नाही. माझ्या मते एवढा फरक नक्षी बदलूनही पडत नाही. डांबर लागलं की पंपाने परत भरा, नाहीतर टायर तापून बटणांच्या मुळाशी चिरा पडतात.

यापेक्षा खाली का नाही? दोन कारणं. पहिलं, वेगात दगडावर आदळलं की टायर रिमपर्यंत दाबला जातो, मध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या की खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती. दुसरं, ब्रेक आणि थ्रॉटलच्या जोराने टायर रिमवर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि व्हॉल्व मुळातून तुटतो. ही ट्यूब रस्त्यात जोडता येत नाही. म्हणून १५ च्या खाली जायचं असेल तर रिम-लॉक (टायरला रिमवर सरकू न देणारी पकड) लागतोच. आणि व्हॉल्वचा तळाचा नट रिमला घट्ट आवळू नका, तो वर टोपीपाशी ठेवा. टायर सरकू लागला की व्हॉल्व तिरका झालेला दिसतो आणि वेळेत कळतं.

स्वतः बसवणार असाल तर ट्यूबमध्ये आकार येईल इतकीच हवा भरा, आऱ्यांवरची रबरी पट्टी जागेवर आहे का पाहा, टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडांना साबणाचं पाणी लावा. सुरुवात व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने, शेवट व्हॉल्वपाशी. शेवटच्या वीतभर अंतरात टायर चढवायच्या लिव्हरला जोर लागायला लागला तर थांबा. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगटात उतरलेली नसते, एवढंच कारण. गुडघ्याने ती खाली दाबा, मग लिव्हर हलकी जाते. इथे जोर लावूनच बहुतेकांच्या नव्या ट्यूबला भोक पडतं. शेवटी हवा भरून कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली का, ते दोन्ही बाजूंनी बघा. एका जागी ती आत गेली असेल तर हवा सोडा, परत साबण लावा, परत भरा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे मात्र जाऊ नका.

---

मुरूमवाट

पुढचं_चाक यांचा मुद्दा मान्य, या वापराला मिश्र जोडी जास्त बरी. एक भर: पुढे मोकळी बटणं आली की पावसात पुढचा ब्रेक पूर्वीसारखा एकदम दाबता येणार नाही. आधी हलका, मग वाढवत न्या.

घेताना टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. चार अंकी कोडमध्ये पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण रबर कडक झालेला असतो आणि ओल्यात ते लगेच जाणवतं. मापापुढचा ५४ म्हणजे २१२ किलो, ६५ म्हणजे २९० किलो भार. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी अंक घेऊ नका, तुम्ही तर सामान लादता. त्यानंतरचं अक्षर वेगमर्यादेचं: एम १३०, क्यू १६०, एस १८० किमी ताशी. रस्त्यावर चालवायला मनाई असा शिक्का असलेले शर्यतीचे बटण टायरही याच मापात मिळतात, ते नकोत.

---

पुढचं_चाक

बसवताना बाण बघा. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलट दिशेचा, असे दोन बाण असतात, कारण पुढे ब्रेकचा जोर आणि मागे इंजिनचा. नवा टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर फार झुकवू नका, वरचा थर गुळगुळीत असतो. पहिल्या कच्च्या फेरीनंतर आऱ्यांचा ताणही तपासून घ्या. स्क्रूड्रायव्हरने एकेक वाजवत जा. बाकीच्या खणखणीत वाजतात, सैल आरीचा आवाज बसका येतो.