जुन्या लॅपटॉपमध्ये बोर्डावरची रॅम किती, हे कसं ओळखायचं?

खटपट्या: डीडीआर३ एलच्या (कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या रॅमच्या) काळातला लॅपटॉप आहे, इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज १०. टास्क मॅनेजर ६ जीबी रॅम आणि 'वापरातले स्लॉट: २ पैकी २' दाखवतो. खालचं झाकण उघडलं तर स्लॉट एकच. त्यातल्या स्टिकवरचं (काढता येणाऱ्या रॅमच्या पट्टीवरचं) लेबल फाटलंय. बोर्डावर किती, स्टिकमध्ये किती? आणि ८ जीबीची स्टिक चालेल का?

पक्कड: बरेच बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बोर्डाला सोल्डर केलेल्या, म्हणजे कायमच्या जोडलेल्या, चिप्सही स्लॉट म्हणूनच मोजतात, त्यामुळे 'स्लॉट' या शब्दावर जाऊ नका. खात्रीचा उपाय म्हणजे स्टिक काढून बघणं. पूर्ण शटडाउन करा (स्लीप नको), अडॅप्टर आणि बॅटरी काढा. बॅटरी आतली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की स्टिक तिरकी वर येते. आता अडॅप्टर परत जोडा, सुरू करून थेट बायोसमध्ये जा. तिथे दिसेल तो आकडा बोर्डावरचा.

उलटतपासणी: थांबा, एवढ्यावर खात्री होत नाही. काही जुन्या मॉडेलांत दुसरा स्लॉट कीबोर्डखाली असतो, तेव्हा उरलेली रॅम सोल्डर केलेलीच असेल असं नाही. आधी सीपीयू-झेडच्या (हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) एसपीडी टॅबमध्ये दोन्ही स्लॉट बघा. स्टिकला एसपीडीची, म्हणजे स्वतःची माहिती साठवणारी, छोटी चिप असते, म्हणून कंपनी, पार्ट नंबर, साइझ सगळं येतं. सोल्डर केलेल्या रॅमला ती बहुधा नसते, जागा कोरी दिसते. लिनक्सवर डीएमआयडीकोड या कमांडमध्ये टाइप १७ (मेमरीची नोंद) बघा. 'रो ऑफ चिप्स' म्हणजे सोल्डर केलेली. 'एसओडीआयएमएम' (लॅपटॉपची काढता येणारी स्टिक) लिहिलं असेल तर मात्र विश्वास ठेवू नका, आळशी बायोस दोन्हीकडे तेच छापतो. शेवटचा शब्द त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

खटपट्या: एसपीडीत स्लॉट १ कोरा, स्लॉट २ मध्ये २०४८ एमबी. मॅन्युअलमध्येही एकच स्लॉट आहे.

उलटतपासणी: मग बोर्डावर ४. ८ची टाकलीत तर १२ होतील. त्यातले पहिले ८ ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकाच वेळी, म्हणून वेगाने) चालतील, उरलेले ४ सिंगलमध्ये.

पक्कड: स्टिक १.३५ व्होल्टचीच घ्या, लेबलवर 'पीसी३एल' हवं. आणि चिप्स मोजा: दोन्ही बाजूंना मिळून १६ हव्यात. आठच चिप्सची ८ जीबी स्टिक म्हणजे प्रत्येक चिप ८ गिगाबिटची, ती या पिढीच्या मेमरी कंट्रोलरला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाला) पेलत नाही. स्क्रीन काळीच राहते आणि दोष विनाकारण स्लॉटवर जातो.