लांबच्या लाइनवर नेट रखडतंय (रो-हाउस ग्रुप)

कुलकर्णी वहिनी, ११: वरच्या खोलीत लँडलाइनच्या तारेवरचं (डीएसएल) नेट फार रखडतंय. मॉडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम (आपल्याकडे येणारा वेग) ९६० केबीपीएस, अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती क्षीण होतो ते) ५४ डीबी, एसएनआर मार्जिन (नॉइज झेलायला उरलेली सिग्नलची शिल्लक) ५ दिसतंय. फायबर अजून आपल्या रस्त्यावर नाही. मॉडेम बदलू का?

सावंत काका, ३: एवढ्यात नको वहिनी. ५४ म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजपासून तांब्याची तार साधारण चार किलोमीटर. या लांबीवर अशा लाइनचा कमाल वेग, २४ एमबीपीएस, विसराच, पण दोनच्या आसपास मिळायला हवेत. सगळे फोन काढा, मॉडेम खाली रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या डबीला) थेट लावा आणि पाच मिनिटांनी तेच आकडे वाचा. स्पीड टेस्ट नको, त्यात वाय-फायचा दोषही मिसळतो.

कुलकर्णी वहिनी, ११: १९२० केबीपीएस, मार्जिन ७!

सावंत काका, ३: म्हणजे दोष घरातल्या वायरिंगचा. वरच्या फोनसाठी काढलेली पॅरलल वायर हेच मूळ. तिच्या टोकाला फोन नसला तरी सिग्नल त्या फांदीत शिरतो, टोकाला आपटून परततो आणि मूळ सिग्नलमध्ये गोंधळ करतो. फोन नुसता काढून भागत नाही, त्या वायरच्या तारांची जोडी रोझेटमधूनच सोडवा.

नेहा, ४: वरचा फोन हवा असेल तर स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) रोझेटपाशी बसवा आणि वरची वायर त्याच्या फोन पोर्टमधून काढा. मग फांदी स्प्लिटरमधल्या फिल्टरच्या पलीकडे जाते, त्रास देत नाही. मॉडेमपर्यंतची चपटी फोन वायरही काढून टाका. तिला पीळ नसतो, त्यामुळे आजूबाजूचा नॉइज ती ओढून घेते. कॅट-५ (लॅन) केबलमधली निळी आणि पांढरी-निळी अशी एकच जोडी वापरा.

कुलकर्णी वहिनी, ११: रोझेट उघडलाय. स्क्रूखाली हिरवी बुरशी धरल्यासारखं आहे.

सावंत काका, ३: ती तांब्यावर चढलेली हिरवट पुटं. घासत बसू नका. दोन सेंटीमीटर तार कापा, नवं तांबं उघडं करा, घट्ट आवळा. हात कोरडे असू द्या. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास असतात, पण रिंग येताना बऱ्यापैकी झटका बसतो.

मिलिंद, ८: पावसात मॉडेमचे आकडे पडले तर रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा आणि शांततेत ऐका. खरखर असेल तर बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी आहे. तक्रार ‘नेट स्लो’ अशी न नोंदवता ‘लाइनवर खरखर’ अशी नोंदवा. तेव्हा लाइनमन डीपी बॉक्सपासून (बाहेरच्या जोडण्यांच्या पेटीपासून) जोडी तपासतो. आणि डायल टोन गायब, पण नेट रडतखडत चालू असेल तर जोडीतली एक तार तुटलेली असू शकते. हे त्याला आवर्जून सांगा.

नेहा, ४: मिडियम वेव्हचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून अ‍ॅडॅप्टर, एलईडी दिव्यांजवळ फिरवा. जिथे गुरगुर वाढेल ती वस्तू लाइनपासून दूर ठेवा.

कुलकर्णी वहिनी, ११: पण वर नेट कसं न्यायचं?

सावंत काका, ३: मॉडेम खालीच राहू द्या. वर लॅन केबल न्या, १०० मीटरपर्यंत चालते. तुम्हाला पंधरा पुरतील. वरच्या टोकाला साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वाय-फाय देणारा) म्हणून लावा आणि त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद ठेवा.