फ्रेंचमध्ये ताज्या द्राक्षांना ‘रेझिन’ का म्हणतात?

निफाडकर: मंडळी एक शंका आहे. मी पिंपळगाव बसवंतकडे एका पॅकहाउसला आहे, माल युरोपला जातो. परवा पनेटवर (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यांवर) लावायची लेबलं आली, त्यावर तीन-चार भाषांत नाव होतं आणि फ्रेंचच्या ओळीत चक्क ‘रेझिन’ छापलेलं. मला वाटलं लेबल चुकलं, इंग्रजीत रेझिन म्हणजे बेदाणा ना आणि आत तर ताजी थॉमसन द्राक्षं! सुपरवायझर म्हणाले बरोबर आहे, लाव. लावली, पण डोक्यातून जाईना. इकडे बेदाणा आणि तिकडे द्राक्ष, हे कसं काय?

ओझरची_सून: लेबल बरोबरच आहे दादा. कॉलेजला फ्रेंच होतं तेव्हा आम्हीपण असेच गोंधळलो होतो. फ्रेंचमध्ये रेझिन (ते रेझँ म्हणतात) म्हणजे ताजं द्राक्ष, बेदाणा हवा तर ‘रेझँ सेक’ म्हणजे सुकं द्राक्ष म्हणायचं. आणि खरी मजा तर पुढेच आहे, इंग्रजीतला ग्रेपसुद्धा फ्रेंचमधूनच आलाय पण फ्रेंचमध्ये ‘ग्राप’ म्हणजे अख्खा घड!! इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द वाइनबेरीच्या वळणाचा होता, 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं मग फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि तो मागे पडला. म्हणजे घडाचं नाव मण्याला लागलं आणि द्राक्षाचं नाव सुकलेल्या द्राक्षाला. रेझिनचं मूळ लॅटिन ‘रासेमुस’, त्याचाही अर्थ घडच.

दिंडोरीचा_बागायतदार: ताई एक नंबर माहिती. ह्यात अजून एक, तो ग्रेप शब्द मुळात आकडीवरून आलाय, आकडीने घड ओढून तोडायचे म्हणून. इंग्रजीतला ग्रॅपल म्हणजे झोंबणं, तोपण त्याच घरातला. आमच्याकडे आता कात्री असते, आणि घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लागलं की वरची पांढरी पावडर पुसली जाते आणि तो घड एक्सपोर्टमधून बाद. आणि आपला बेदाणा पण बघा, फारसीत बे म्हणजे बिन, बिनदाण्याचा तो बेदाणा. छोटे काळे करंट असतात ना केकमधले, ते ग्रीसच्या कोरिंथ गावावरून.

गोदाकाठ: ‘ग्रेपवाइनवरून (म्हणजे द्राक्षवेलीवरून) कळलं’ असं इंग्रजीत म्हणतात त्याचं काय? आपल्याकडे उडत उडत कानावर आलं म्हणतो तसं ना?

ओझरची_सून: हो अगदी तेच. ते अमेरिकेतलं, 19व्या शतकात तार सुरू झाली तेव्हा तोंडोतोंडी फिरणाऱ्या बातमीला लोक ‘वेलीची तार’ म्हणायला लागले. आंबट द्राक्षं मात्र इसापच्या कोल्ह्याची, ती आपल्याकडे आहेतच. फक्त हल्ली कुणी नुसता जळला तरी लोक ‘सावर ग्रेप्स’ म्हणतात ते मला पटत नाही, मिळालं नाही म्हणून त्या वस्तूलाच नावं ठेवली पाहिजेत, तरच तो कोल्हा.

निफाडकर: खूप आभार ताई, दादा. आज परत लेबल बघितलं, जर्मनच्या ओळीत ‘ट्राउबेन’ आहे.

ओझरची_सून: ट्राउबं म्हणजे पण घडच दादा 🙂