दिवस बारा तासांचा की चोवीस? आणि परिवलन म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

माझी भाची कोथरूडला राहते, तिसरीत आहे. काल गृहपाठात 'एका दिवसाचे तास किती?' याचं उत्तर तिनं 'बारा' लिहिलं आणि बाईंनी फुली मारली. मला म्हणाली, "मावशी, उरलेले बारा तर रात्रीचे ना?" मला तिला चूक म्हणवेना. 'दिवस' म्हणजे उजेडाचा वेळ की चोवीस तास? शिवाय दिवसरात्र परिवलनामुळे होतात की परिभ्रमणामुळे, हे दर वेळी उलटसुलट होतं. लक्षात राहील अशी काही खूण आहे का?

प्रतिसाद

ताई, भाचीचं उत्तर मराठीला धरूनच आहे. 'दिवसा झोपू नये' यातला दिवस उजेडाचा. 'चार दिवस गावाला होतो' यातल्या दिवसात रात्रही आली. आणि 'दिवस मावळला', 'दिवस डोक्यावर आला' म्हणतो तेव्हा दिवस म्हणजे प्रत्यक्ष सूर्य! एका शब्दाला तिन्ही अर्थ, आणि बोलताना आपलं कधी अडत नाही. अडतं ते शास्त्र शिकवताना.

पूर्ण चोवीस तासांना आपल्याकडे खास शब्द आहे, अहोरात्र. अहन् म्हणजे दिवस, त्याला रात्र जोडली. आता तो 'अहोरात्र कष्ट केले' एवढ्यापुरताच उरलाय याचं मला फार वाईट वाटतं. जुन्या कालगणनेत ते नेमकं माप आहे: 60 घटका, प्रत्येक घटका 24 मिनिटांची. नुसत्या उजेडाच्या भागाला पंचांगात दिनमान म्हणतात. तेही कायम बारा तासांचं नसतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून पुण्यात 21 जूनच्या आसपास दिनमान सुमारे सव्वातेरा तासांचं असतं, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम अकराचं.

आता खूण. वलन म्हणजे वळणं, भ्रमण म्हणजे हिंडणं. घरी आरती झाली की देवाभोवती फिरायला जागा नसते, म्हणून आपण हात जोडून जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो. ते परिवलन. पर्वतीवर जाऊन देवळाला प्रदक्षिणा घातली तर ते परिभ्रमण. स्वतःभोवती फिरताना देव कधी समोर असतो, कधी पाठीमागे. सूर्य समोर आला की दिवस, पाठीशी गेला की रात्र. फरक दिशेचा: आपण उजवीकडे वळतो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर डावीकडे. या फिरण्यामुळे पुण्यात बसल्या जागी आपण तासाला सुमारे 1580 किलोमीटर वेगानं पूर्वेला चाललेलो असतो.

प्रतिसाद

वरच्याला एक पुरवणी. हिंदी पुस्तकांत स्वतःभोवती फिरण्याला 'घूर्णन' म्हणतात, पण कुठे कुठे त्यालाच 'परिभ्रमण'ही म्हणतात. दोन्ही माध्यमांची पुस्तकं चाळणाऱ्या मुलांची गल्लत होते ती इथे. आणि परिवलनाची एक फेरी 23 तास 56 मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवती साधारण एक अंश पुढे सरकते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला आणखी चार मिनिटं वळावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री खोलीतले दिवे घालवले, चेंडूवर पुण्याच्या जागी लाल टिकली लावली आणि स्टुलावर टॉर्च ठेवला. भाचीनं चेंडू हळूहळू फिरवला. टिकली अंधारातून कडेला आली, तिच्या काठावर प्रकाश पडला, तशी ती ओरडली, "पुण्यात उजाडलं!" मग टॉर्चकडे बघून विचारते, "हा तर हललाच नाही, मग सूर्य उगवला असं का म्हणायचं?" तिला आर्यभटाचा दाखला सांगितला. पाचव्या शतकाच्या अखेरीस त्यानं लिहिलंय की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. लोणावळ्याला जाताना लोकलच्या खिडकीतून झाडं पळताना तिनं पाहिलीत, त्यामुळे लगेच पटलं.

वहीत फुलीच्या खाली तिनं आता लिहिलंय: 'एका अहोरात्राचे तास 24.' सोमवारी बाईंना दाखवणार आहे.