हिवाळ्याची भिंत : बालवाडीतल्या सजावटीचे अनुभव

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बालवाड्यांच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंती बदलू लागतात. नाताळ, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, संक्रांत आणि लगेच २६ जानेवारी असे सगळे एकामागून एक येत असल्यामुळे एकच भिंत दीड महिन्यात तीनदा तरी सोलून पुन्हा सजवावी लागते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन ही सजावट आपण कशी केली, काय टिकले, काय गळून पडले आणि मुलांचा हात त्यात खरोखर किती होता, हे विदर्भातल्या सेविका, शिक्षिका आणि पालक यांनी लिहावे, अशी विनंती आहे. देखणी छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात, त्यामुळे फसलेले प्रयोग आवर्जून लिहावेत. सुरुवात मीच करते.

माझी अंगणवाडी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात आहे. पहिल्या वर्षी मोबाइलवर पाहिलेल्या नमुन्याबरहुकूम मी निळ्या कार्डशीटवर बर्फाचा माणूस काढला आणि त्यावर चिकटवण्यासाठी औषधाच्या दुकानातून पांढऱ्याशुभ्र कापसाची गुंडाळी विकत आणली. एका चार वर्षांच्या मुलीने त्यातला तुकडा हातात घेतला, दोन बोटांनी विंचरून पाहिला आणि विचारले, "ताई, याच्यात सरकी कोठी हाय?" त्या दिवसांत तिचे आईवडील सकाळीच वेचणीला जात होते आणि घरातली पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरली होती. तिच्या दृष्टीने मी आणलेली वस्तू अर्धवट होती. बर्फ म्हणजे काय हे समजावून सांगण्यात माझी वीस मिनिटे गेली आणि शेवटी मुलांनी बर्फाचा गोळा म्हणजे रसवंतीवरचा बर्फ असे ठरवून टाकले. बाहेर इतकी थंडी असताना हा माणूस तो का खात बसला आहे, हे मात्र त्यांना पटले नाही.

पुढच्या वर्षी मी प्रत्येकाला घरून मूठभर कापूस आणायला सांगितले. तो तसाच चिकटवला आणि दुपारपर्यंत सगळा खाली आला. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई जेमतेम एक तृतीयांश असते, बाकी सगळी सरकी. कागदावरच्या डिंकाने ते ओझे पेलावे तरी कसे? मग आम्ही आठवडाभर सरकी काढत बसलो. एका हाताने रुई धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने बी ओढायचे, हे काम तीन वर्षांच्या मुलाला सहज जमत नाही, परंतु जमू लागले की त्याला थांबवणे कठीण होते. पेन्सिल धरण्याआधी बोटांना जी तयारी हवी असते ती या आठवड्यात जितकी झाली, तितकी मी दिलेल्या ठिपकेजोडणीच्या कागदांनी कधीच झाली नव्हती. भिंतीवर शेवटी झाड उभे राहिले ते पऱ्हाटीचे. सुकलेल्या काड्या सुतळीने बांधल्या, रिकाम्या बोंडांत मुलांनी आपापली रुई भरली आणि खाली कागदाच्या ओट्या बांधलेल्या बाया चिकटवल्या. एक सूचना करते : वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोके सुईसारखी टोचतात. वेचणाऱ्या बायांची बोटे पाहिली तर हे सांगावे लागत नाही, पण मुलांच्या हाती देण्यापूर्वी ती टोके कात्रीने कापावीत. आमच्याकडे दोन मुलांची बोटे रक्ताळल्यावर मला हे सुचले.

सेवानिवृत्त सेविका, अमरावती जिल्हा :

कापसाचे वाचून बरे वाटले. मी चिकटवण्याविषयी लिहिते, कारण सजावटीच्या सूचनांत हा विषय नेहमी एका ओळीत उरकलेला असतो. आमची भिंत चुन्याची होती. चुना हाताला लागतो, तसाच तो कागदालाही लागतो, म्हणजे कागद भिंतीला न चिकटता चुन्याच्या पापुद्र्याला चिकटतो आणि दोघे मिळून खाली येतात. यावर अनेक वर्षांनी सापडलेला उपाय असा की, दोन खिळ्यांमध्ये जुनी गोणी उसवून ताणायची आणि जे काही लावायचे ते तिच्यावर सुईदोऱ्याने टाचायचे. गोणीची वरची कड जमिनीपासून तीन फुटांच्या वर जाऊ देऊ नये. सजावट पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि मुलांच्या डोक्यावरून जाते, हे मी किती केंद्रांत पाहिले असेल याची गणती नाही.

खळ मैद्याची करावी. मूल ती चाटणारच, हे गृहीत धरावे. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु ते विष असल्यामुळे मुलांच्या वर्गात ते नको. मी कडुनिंबाचा पाला उकळलेले पाणी वापरत असे. उंदीर तरीही येत. एका संक्रांतीला काळ्या कागदावर खरा हलवा चिकटवून दागिने केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हारावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि मुले हलवा सोडून मुंग्याच मोजत बसली. जुनी भिंत उतरवण्याचा आमचा दिवस ठरलेला असे, २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. प्रत्येक मुलाच्या हातात वीतभर खराटा दिला की अर्ध्या तासात भिंत रिकामी आणि खोली धुळीने भरलेली असे.

पालक, बुलडाणा जिल्हा :

माझी तक्रार आहे. मुलगी नर्सरीत असताना शाळेने 'विंटर वॉल'साठी घरून घर, झाड आणि बर्फ तयार करून आणायला सांगितले. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी असताना नमुना थर्माकोलचाच होता. मी रात्री अकरापर्यंत पुठ्ठा कापत बसलो आणि मुलगी झोपून गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिच्या नावाखाली माझे घर लागले होते. शेजारी आणखी बावीस बापांची घरे होती, आणि खरे सांगायचे तर त्यांत दोन-तीन माझ्यापेक्षा चांगली होती.

शिक्षिका, इंग्रजी माध्यमाची नर्सरी, वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव :

पहिल्या अनुभवाशी मी पूर्ण सहमत नाही. मुलांनी जे पाहिलेले आहे तेच भिंतीवर असावे, असा नियम केला तर आमच्या मुलांनी समुद्र तरी कुठे पाहिला आहे? न पाहिलेल्या गोष्टीची ओढ याच वयात लागते आणि पालकांनाही नाताळचा बाबा हवाच असतो, हे व्यवहाराने मान्य करावे लागते. मी एवढेच केले की, चेहऱ्याचा नमुना दिला नाही. लाल कागद, रुई आणि खळ समोर ठेवली. तयार झालेल्या अठरांपैकी सहा बाबांनी टोपीऐवजी फेटा बांधला होता, एकाच्या तोंडात विडी होती, आणि तो कोण असे विचारल्यावर "माहा आजा" असे उत्तर आले. विडी राहू दिली. मुख्याध्यापिकांनी नंतर ती काढायला लावली.

सेविका, गोंदिया जिल्हा :

आमच्या धानपट्ट्यात डिसेंबरपर्यंत मळणी होत आलेली असते. आम्ही लोंब्यांचे तोरण करतो. लोंब्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या म्हणजे काडी मोडत नाही; मग मी वेणी घालते आणि मुले एकेक लोंबी हातात देत जातात. खरी विणकर मदतनीसताई आहेत, त्यांची बोटे माझ्या दुप्पट वेगाने चालतात. गेल्या वर्षी तोरण आतल्या भिंतीवर, खिडकीजवळ लावले होते. तिसऱ्या दिवशी मुले आहाराला बसली असताना दोन चिमण्या आत आल्या. एरवी ज्या खोलीत आवाज आवरत नाही, तिथे सव्वीस मुले घास हातात धरून स्तब्ध बसली. आठवड्यात तोरणाच्या नुसत्या काड्या उरल्या. पर्यवेक्षिकांच्या भेटीच्या दिवशी भिंत उजाड दिसत होती, आणि ती का उजाड आहे हे मुलांनीच त्यांना एकाच वेळी ओरडून सांगितले.

सेविका, गडचिरोली जिल्हा :

थोडक्यात एकच गोष्ट सांगते. रानातून आणलेल्या बिया सजावटीला सुंदर दिसतात, परंतु लाल-काळी गुंज वर्गात आणू नये, ती विषारी असते. पालक प्रेमाने माळ करून आणतात, तरीही परत द्यावी. वालासारखी बारीक बी तीन वर्षांच्या मुलांपासून दूरच ठेवावी. आमच्याकडे एकाने ती नाकात घातली होती आणि आरोग्य केंद्रापर्यंतचे अकरा किलोमीटर मी त्याला मांडीवर घेऊन, त्याचे हात धरून मोटारसायकलवर गेले.

यवतमाळहून पुन्हा :

काढलेल्या सरकीचे काय केले, असे एकीने विचारले आहे. थोडी आम्ही दहा-दहाच्या ढिगांत मोजायला वापरली, थोडी बायांच्या लुगड्यांवर बुट्टे म्हणून चिकटवली. उरलेली एक मुलगा दप्तरात भरून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने निरोप पाठवला की, म्हशीच्या आंबोणात घातली, आणखी असेल तर द्या.